वजनाचं ऑपरेशन: करू की नको? (करून घेतलेल्या कोल्हापूरकरांनी जरा बोला)

गुळाचीढेप

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथं नुसती वाचत होते, धागा पहिल्यांदाच काढतेय. सांभाळून घ्या.

वय ४३, उंची ५ फूट २ इंच, वजन ९८ किलो. पतसंस्थेत नोकरी, सकाळी खुर्चीत बसलं की संध्याकाळी उठायचं. शुगरला चार-पाच वर्षं झाली. गोळ्या वाढत वाढत तीन प्रकारच्या झाल्या तरी शेवटची एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी शुगर) ८.९ आली. बीपीची गोळी वेगळी. जिना उतरताना गुडघे धरतात. आणि रात्री मी इतकी घोरते की मिस्टर हॉलमध्ये झोपायला गेलेत. ते म्हणतात मॅच बघायला जातो, पण मॅच रोज नसते.

डाएटिशियन झाली, दोनदाच जेवायचं झालं, भात बंद झाला, रंकाळ्याच्या फेऱ्या झाल्या, जिमची वर्षाची फी भरून झाली. दर वेळी आठ-दहा किलो उतरतात आणि मग व्याजासकट परत जमा होतात.

आमच्या शुगरच्या डॉक्टरांनी आता सरळच सांगितलं की बॅरिॲट्रिक, म्हणजे वजनाचं ऑपरेशन करणाऱ्या, सर्जनना भेटून या. भेटले. त्यांनी दहा मिनिटांत सांगितलं, स्लीव्ह करू (म्हणजे जठर कापून लहान करायचं), तीन दिवसांत घरी, खर्च साडेतीन लाखांच्या आसपास. मी बाहेर आले ती डोकं सुन्न होऊन. सासूबाई म्हणतात, "देवानं दिलेलं धडधाकट पोट कापून टाकायचं? जिभेला लगाम घाल की." मिस्टर म्हणतात तू ठरव. म्हणजे उद्या काही झालं तर तूच ठरवलेलंस असं म्हणायला मोकळे. लेक बारावीला आहे.

ज्यांनी करून घेतलंय त्यांनी पहिल्या वर्षाचं नाही, पाच-सहा वर्षांनंतरचं सांगा. आणि इथंच करावं की पुण्याला?

तांबडापांढरा

पयला नंबर! ताई, ऑपरेशननंतर रस्सा चालतो का एवढं कुणीतरी आधी सांगा, मग पुढचं वाचतो.

अनुराधा_इचल

रस्सा चालतो हो. एक छोटी वाटी, तीही पंधरा मिनिटं घेऊन. तिखटाचा तवंग पहिले काही महिने विसरा.

ढेपताई, मी २०१९ ला स्लीव्ह करून घेतली. तेव्हा ११२ होते, सगळ्यात खाली ७४ ला गेले, आता ८१ च्या आसपास असते. शुगर नव्हती, पण बीपी आणि थायरॉइड होतं.

ऑपरेशनच्या आधी दोन आठवडे जवळपास पातळ पदार्थ आणि प्रोटीनवरच ठेवतात. आपल्यासारख्यांचं यकृत चरबीनं सुजलेलं असतं, ते जठरावर आडवं पडतं आणि दुर्बिणीतून काम करताना उचलायला जड जातं. या दोन आठवड्यांत ते आकसतं. मला ऑपरेशनपेक्षा हेच जड गेलं. घरात सगळ्यांसाठी स्वयंपाक मीच करायची ना!

त्याच संध्याकाळी चालायला लावतात, पायात रक्ताच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून. मग पाणी, ताक, डाळीचं वरचं पाणी, सगळं घोटाघोटानं. त्यानंतर मिक्सरमधून काढलेलं, मग मऊ भात, मऊ भाजी, असं चढत जायचं. जेवताना पाणी नाही, जेवणानंतरही अर्धा तास नाही. ताटात आधी प्रोटीन खायचं, दिवसाला ६० ग्रॅमच्या वर जायला हवं. शाकाहारी माणसाला ते जमवताना घाम फुटतो. पनीर, मूग, दही यांचा हिशेब मला आता झोपेतही सांगता येईल.

तिसऱ्या महिन्यात केस मूठ-मूठ गळायला लागले. घाबरले होते, पण वर्षभरात परत आले. पोटाची आणि दंडाची कातडी लोंबते, ती तशीच आहे. बी१२, लोह, कॅल्शियम, डी कायमचं. वर्षातून एकदा रक्त तपासायचं, हेही कायमचं.

आणि कुणी सांगत नाही ते: पहिल्या काही आठवड्यांत मी खूप रडले. भूक नव्हती, पण जेवण हा माझा दिवसातला एकुलता एक विरंगुळा होता हे तेव्हा कळलं. नणंदेच्या डोहाळजेवणाला गेले, पंगतीत बसले, आणि दोन घासांनंतर काय करायचं तेच सुचेना. आग्रह करणाऱ्या बायकांना उत्तर काय द्यायचं ते आधी ठरवून जावं लागतं. मी अजूनही "पित्त झालंय" म्हणते.

पुन्हा करशील का विचाराल तर हो. पण ते तीन दिवसांचं काम आहे असं कुणी सांगत असेल तर त्याला बाजूला ठेवा.

पन्हाळ्याचं_धुकं

कुणाला राग येईल, पण बोलतो. हे सगळे शॉर्टकट आहेत. मी स्वतः २२ किलो कमी केलंय, एक रुपया खर्च न करता. पहाटे पाचला उठा, सूर्यनमस्कार घाला, रविवारी बुधवार पेठेतून वर पन्हाळ्याला चालत जा, रात्रीचं जेवण सातला. आपल्या आज्या-पणज्यांना कुठं होती ही ऑपरेशनं? इच्छाशक्ती नाही म्हणून अवयव कापायचा, हे मला पटत नाही.

वेदिका०९

काका, तुमचं अभिनंदन. पण आपल्या आज्ज्या पतसंस्थेत आठ तास बसत नव्हत्या. आणि पहाटे पाचला उठणाऱ्या बाईला आधी डबे करायचे असतात, पन्हाळा नंतर.

पुरुषाचं वजन वाढलं की "तब्येत झाली", बाईचं वाढलं की "जिभेला लगाम नाही". माझ्या आईनं हे वीस वर्षं ऐकलं.

तांबडापांढरा

काटा किर्रर्र! धुकं विरलं.

भूलवाला

मी सांगलीकडे भूल देतो, वजनाच्या ऑपरेशनांनाही. माझं दुकान सर्जनच्या जिवावर चालतं, हे ध्यानात ठेवून वाचा.

इच्छाशक्तीबद्दल. अमेरिकेत टीव्हीवरच्या वजन घटवण्याच्या एका स्पर्धेतल्या १४ जणांना ६ वर्षांनी परत तपासलं. तो अभ्यास २०१६ ला आला. स्पर्धेत त्यांनी सरासरी ५८ किलो घालवले होते, त्यातले ४१ परत आले होते. मुद्दा पुढचा आहे. बसल्याजागी त्यांचं शरीर त्या वजनाच्या माणसाच्या मानानं रोज साधारण ५०० कॅलरी कमी जाळत होतं, सहा वर्षांनंतरही. शरीराला वाटतं दुष्काळ पडलाय, ते खर्च आवरतं आणि भूक वाढवतं. धुकंसाहेब २२ किलो घालवून टिकवताहेत ते खरंच कौतुकाचं आहे, पण शंभरातल्या फार थोड्यांना ते जमतं.

स्लीव्हमध्ये जठराचा साधारण ८० टक्के भाग काढून टाकतात, उरते केळ्याएवढी नळी. जो भाग जातो तिथंच भुकेचं ग्रेलिन नावाचं संप्रेरक जास्त बनतं. दुसरा प्रकार बायपास, हृदयाचा नव्हे, जठराचा. त्यात काही काढत नाहीत. वर साधारण ३० मिलीची पिशवी करतात आणि लहान आतडं वर आणून तिला जोडतात. स्लीव्ह परत पहिल्यासारखी करता येत नाही, एवढं सह्या करायच्या आधी डोक्यात असू दे.

धोका विचाराल तर टाक्यांच्या ओळीतून गळती साधारण शंभरात एकाला, आणि जिवाचा धोका हजारात एक-दोन. पित्ताशय काढायच्या ऑपरेशनच्या जवळपास. शून्य नाही.

लाल_माती

ताई, मी कुस्तीतला. शिकलेला कमी, समजून घ्या.

आमच्यात कुस्ती सुटते पर खुराक सुटत न्हाई. खासबागेत लढलोय मी. तिशीत खांदा गेला, तालीम बंद झाली, पर सकाळी गंगावेशीत कट्ट्यावर म्हशीचं धारोष्ण दूध आन् थंडाई चालूच. वर लोक पैलवान पैलवान करत ताटात वाढणार, नको म्हणायला जीभ उचलत न्हाई. १३८ वर गेलो. शुगर साडेतीनशे. वस्तादांच्या पाया पडायला वाकलो तर उठता येईना.

माझं बायपास केलं. वजन उतरायच्या आधी शुगर उतरली, हप्त्यात गोळ्या निम्म्या. डॉक्टर म्हणाले आतड्याचा रस्ता बदलला की आतली हार्मोनं बदलतात, वजनाचा संबंध मागनं येतो. आता ९४ हाय.

दोन गोष्टी ध्यानात धरा. गोड एकदम खाल्लं की घाम फुटतो, छातीत धडधड, जुलाब. पोरीच्या लग्नात दोन जिलब्या खाल्ल्या आन् मांडवामागं आडवा झालो. आन् दारू. माझे बायपासवाले दोस्त एका पेगात गार व्हायला लागले म्हणून हसायचे, त्यातला एक आता रोज पितोय. बायपासवाल्याला दारू लवकर चढती आन् सवय बी लागती, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

आन् धुकंभाऊ, जोर-बैठका मी तुमच्यापेक्षा जास्त मारल्यात. राग मानू नका.

पन्हाळ्याचं_धुकं

पैलवान, तुमच्यापुढं काय बोलणार. पण माझं मत कायम आहे. आधी सगळं करून बघावं.

गुळाचीढेप

काका, सगळं करून बघितलं तेच वर लिहिलंय ना मी?

निपाणीकर

दुसरी बाजू मांडतो. माझ्या मेव्हण्यानं स्लीव्ह केली, १२६ वरून ८८, गावभर कौतुक. आता ११९. घास मोठा जात नाही म्हणून तो पातळ आणि मऊ खात राहिला. कॉकटेल आइस्क्रीम, बासुंदी, कोल्ड्रिंक, फरसाण चहात बुडवून. नळीतून हे सगळं सर्रकन खाली जातं, पोट भरल्याचं कळत नाही. भाकरी आणि चिकन मात्र अडकतं, मग ते नको. वर्षभरानंतर एकाही तपासणीला गेला नाही, बी१२ इतकं खाली गेलं की पायाला मुंग्या.

त्यामुळं "तीन दिवसांत घरी" म्हणणाऱ्याला विचारा, पुढची पाच वर्षं मला कोण बघणार? तुमच्याकडं आहारतज्ज्ञ आहे का? मानसोपचारवाला आहे का? की फक्त स्टेपलर आहे?

जोतिबाचा_गुलाल

अगं पोरी, उपासांचं काय करणार आहेस? माझ्या सुनेच्या बहिणीनं केलं हे ऑपरेशन आणि नवरात्रात अंबाबाईचे नऊ दिवस निरंकार धरले. चौथ्या दिवशी सलाइन. सासूला सांग, देवीला उपाशी लेक नको असते. मी सत्तरीची आहे, माझं नाव सांगून सांग.

मिसळ_कट

अवांतर: स्लीव्हवाल्यांना मिसळीचा पाव चालतो का हो? की नुसता कट?

अनुराधा_इचल

पाव मला इतकी वर्षं झाली तरी नीट उतरत नाही, गोळा होऊन बसतो. मोड आलेली मटकी चालते, वर दही. कट तुमच्या नावाला शोभून तुम्हीच प्या.

मिसळ_कट

मग जगून काय उपयोग.

तांबडापांढरा

अरे बहिणीच्या संसाराचा प्रश्न आहे आणि तू पावावर अडलाय. (फडतरे मिसळला भेटू, तिथं बोलू.)

परदेशस्थ_राजारामपुरी

मूळ विषयावर: आता ऑपरेशनची घाई कशाला? इकडं सगळे वजन उतरवायच्या इंजेक्शनवर आहेत. भारतात मौंजारो मार्च २०२५ ला आलं, वेगोव्ही त्याच वर्षी जूनमध्ये. माझ्या कलीगचं वर्षात वीस किलो गेलं, पोटाला टाका नाही.

भूलवाला

इंजेक्शन चांगली आहेत, नाकारत नाही. मौंजारोच्या मोठ्या चाचणीत सगळ्यात जास्त डोसवर ७२ आठवड्यांत सरासरी २० टक्क्यांच्या वर वजन उतरलं. वेगोव्हीचं १५ च्या आसपास. ऑपरेशननं साधारण २५ ते ३० टक्के उतरतं.

पण बंद केलं की भूक परत येते आणि वजनही बरंचसं परत येतं. म्हणजे बीपीच्या गोळीसारखं चालूच ठेवायचं. आलं तेव्हा मौंजारोची सगळ्यात लहान कुपी ३५०० रुपयांना होती, आठवड्याला एक. म्हणजे महिन्याला चौदा हजार, डोस वाढला की जास्त. वेगोव्हीतलं औषध सेमाग्लुटाइड, त्याचं इथलं पेटंट मार्च २०२६ पर्यंतचंच, म्हणजे त्यानंतर ते स्वस्त होऊ शकतं. तरी दहा वर्षांचा हिशेब ताईंनीच मांडावा, पतसंस्थेतल्या आहेत.

आता ताई, एक विचारायचं राहिलं. छातीत जळजळ, आंबट ढेकर असं काही? आणि गुडघ्यासाठी गोळ्या कुठल्या घेता?

गुळाचीढेप

सर, जळजळ म्हणजे विचारूच नका. रोज सकाळी अनशापोटी पित्ताची गोळी. रात्री उशाला दोन उश्या, नाहीतर घशात आंबट पाणी येतं. हे सर्जनना सांगायचं असतं हे मला सुचलंच नाही, आणि त्यांनीही विचारलं नाही. एंडोस्कोपी काही झालेली नाही. गुडघ्यासाठी आठवड्यातून तीन-चारदा पेनकिलर, मेडिकलमधून आणते.

भूलवाला

मग थांबा. स्लीव्हनं जठराची अरुंद, जास्त दाबाची नळी होते, तिच्यातून ॲसिड वर यायला सोपं जातं. जळजळ आधीच असेल तर ती वाढू शकते. अशांना बहुतेक ठिकाणी बायपास सुचवतात, पण आधी एंडोस्कोपी करून आत काय आहे ते बघतात. उलट बायपासनंतर नेहमीच्या पेनकिलर बंद, कारण जोडाच्या जागी अल्सर होतो. तंबाखू-सिगारेटनंही तेच होतं. म्हणजे तुमचे गुडघे आणि तुमचं पित्त दोन्ही एकाच टेबलावर ठेवून निर्णय व्हायला हवा. दहा मिनिटांत होत नाही तो.

घोरण्याचंही तपासून घ्या, झोपेची चाचणी करून. झोपेत श्वास थांबत असेल तर भूल देणाऱ्याला आधी कळायला पाहिजे. हे मी स्वतःच्या स्वार्थासाठी सांगतोय.

वेदिका०९

हा प्रतिसाद छापून फाइलला लावा ताई. आणि आईच्या वेळचं एक: वजन झपाट्यानं उतरताना तिला पित्ताशयात खडे झाले. ते होऊ नयेत म्हणून पहिले सहा महिने गोळी देतात, तेही विचारा.

पॉलिसीपुराण

पैशाचं कुणीच बोललं नाही म्हणून मी. विमा नियामकाच्या नियमात आता हे ऑपरेशन सरसकट वगळलेलं नाही. वय किमान १८, डॉक्टरांचा सल्ला, बीएमआय (उंचीच्या मानानं वजन किती ते सांगणारा आकडा) ४० किंवा जास्त, नाहीतर किमान ३५ असून सोबत हृदयविकार, झोपेत श्वास थांबण्याचा गंभीर त्रास किंवा आटोक्यात न येणारी टाइप २ शुगर, आणि आधी साधे उपाय करून फसलेले असले पाहिजेत. ताईंचा बीएमआय मी काढला, ३९.५ येतो. एचबीए१सी ८.९ आहे. म्हणजे कागदावर बसतंय.

पण पॉलिसीतला प्रतीक्षा काळ बघा, बऱ्याच ठिकाणी दोन-तीन वर्षांचा असतो. आणि डाएटिशियनच्या चिठ्ठ्या, जिमच्या पावत्या, जुने रिपोर्ट काही फेकू नका. "प्रयत्न करून झाले" हे तोंडी चालत नाही. कॅशलेसची मंजुरी आधी घ्या, नंतर भांडत बसण्यात अर्थ नसतो.

भूलवाला

नियमांवरून आठवलं. डॉक्टरांचे निकष विम्यापेक्षा सैल आहेत. १९९१ पासून ४० आणि ३५ चालत होते. २०२२ मध्ये सर्जनांच्या आंतरराष्ट्रीय संघटनांनी ते खाली आणले, आणि आशियाई लोकांना तर २७.५ च्या वर ऑपरेशनचा पर्याय द्यावा म्हटलं. आपल्याला कमी वजनातच शुगर गाठते म्हणून. शुगरला जितकी कमी वर्षं झालेली, तितकी ती ऑपरेशननंतर सुटायची शक्यता जास्त. मात्र "शुगर कायमची गेली" असं म्हणू नका, काहींची पुढं परत येते.

निपाणीकर

पुणे की कोल्हापूर? माझं मत कोल्हापूर, नाहीतर फार तर सांगली. टाके घेऊन सहापदरीच्या वळणरस्त्यांवरून सव्वादोनशे किलोमीटर आदळत यायचं, आणि रात्री दोनला ताप आला की परत जायचं कुठं?

परदेशस्थ_राजारामपुरी

असहमत. जो सर्जन आठवड्याला चार करतो त्याच्याकडं जा, गाव कुठलंही असो.

लाल_माती

दोन्ही खरं हाय. मी पुण्याला केलं, पर तपासण्या हितल्या डॉक्टरकडं. दोघांची आधी फोनवर गाठ घालून दिली. ते आधी ठरवलं तरच जमतंय.

गुळाचीढेप

मंडळी, उशिरा येतेय, महिनाअखेर होती.

दुसऱ्या सर्जनना भेटले. कागदावर तुमचे सगळे प्रश्न लिहून नेले होते. ते बघून बाई हसल्या आणि म्हणाल्या, बसा निवांत. एंडोस्कोपी झाली. अन्ननलिकेला खाली सूज आहे आणि छोटा हर्निया आहे (जठराचं तोंड थोडं वर सरकलंय). स्लीव्ह नको म्हणाल्या, केलंच तर बायपास. झोपेच्या चाचणीत श्वासाचं मशीन लावण्याइतका त्रास निघाला. ते लावून झोपते आता, आणि खरं सांगू, सकाळी उठल्यावर डोकं दुखत नाही हे किती वर्षांनी झालंय. मिस्टर परत आत झोपायला आलेत. आता म्हणतात मशीनचा आवाज येतो.

गुडघ्याच्या पेनकिलर बंद करायला सांगितल्यात, त्याजागी साधी पॅरासिटामॉल आणि व्यायाम. विम्याचा प्रतीक्षा काळ संपलाय, पॉलिसीपुराण यांचे आभार, जिमच्या पावत्यासुद्धा सापडल्या.

लेकीची बारावी झाल्याशिवाय काही नाही. मेमध्ये करायचं असं मनाशी धरलंय. तोवर शुगर खाली आणायला इंजेक्शन चालू करून बघू म्हणाल्या. त्याचा खरंच इतका उपयोग झाला तर मे महिन्यात परत विचार करू, त्यात मला कमीपणा वाटणार नाही.

सासूबाईंना गुलालमावशींचा निरोप वाचून दाखवला. त्या म्हणाल्या, "ही बाई कोण? बोलते बरं." पटलेलं नाही अजून. पण केस गळणार म्हटल्यावर म्हणाल्या, मग दिराच्या वास्तुशांतीचे फोटो आधीच काढून घेऊ.

जोतिबाचा_गुलाल

दवाखान्यात तुझ्याजवळ रात्री कोण थांबणार ते ठरव. लेकीला नको ठेवू, नवऱ्याला ठेव.

पन्हाळ्याचं_धुकं

ताई, शुभेच्छा. मेपर्यंत रंकाळ्याच्या फेऱ्या चालू ठेवा, ऑपरेशनलाही फायदाच होईल.

भूलवाला

धुकंसाहेबांना प्लस वन. भूल देणाऱ्याला चालणारा पेशंट आवडतो.

कळंबा_तलाव

पूर्ण धागा एका बैठकीत वाचला. माझा बीएमआय ३४ आहे, वय ३१, लग्न ठरतंय. माझं मत विचारत नाहीत, सगळे म्हणतात करून टाक. नवीन धागा काढू का?

अनुराधा_इचल

इथंच लिही गं. आणि एक आधी ऐक: ऑपरेशननंतर वर्ष-दीड वर्ष दिवस राहू द्यायचे नसतात. हे सासरच्यांना लग्नाआधी सांगायची तयारी आहे का ते बघ, मग बाकीचं बोलू. शुगर आहे का? पाळी नियमित आहे का?